मुलांना वाचायला आवडत नाही की वाचणे जड जाते? सीमाभागातील हायस्कूलच्या वाचनतासाविषयी

प्रश्न कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका हायस्कूलमधील शिक्षिकेचा आहे. आठवी ते दहावी मिळून सुमारे 140 मुले-मुली, सात शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद असलेले 600 पुस्तकांचे कपाट, अशी त्यांची शाळा. येत्या जूनपासून साऱ्या शाळेसाठी रोज वीस मिनिटांचा वाचनतास ठेवण्याचे ठरले आहे. गेल्या वर्षी पुस्तक परीक्षणाची स्पर्धा घेतली, तेव्हा बहुतेकांनी एकमेकांच्या वहीतून उतरवून काढले आणि मुलगे तर तिकडे फिरकलेच नाहीत. मोबाईलच्या नादी लागलेल्या या वयातील मुलांत वाचनाची आवड कशी निर्माण करावी आणि दहावीच्या पालकांची समजूत कशी घालावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील एका खेड्यातील हायस्कूलमध्ये 28 वर्षे मराठी शिकवले आणि त्यातील शेवटची सहा वर्षे मुख्याध्यापक होतो. आमच्याकडे वाचनतास दोन वेळा सुरू झाला. पहिल्यांदा तो दसऱ्याच्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकला नाही. दुसऱ्यांदा टिकला आणि मी निवृत्त होईपर्यंत चालू होता. मी जे सांगणार आहे ते या दोन अनुभवांतील फरकातून आलेले आहे. आपल्या शाळेची परिस्थिती वेगळी असू शकते. शाळा सरकारी आहे की अनुदानित, जवळ मराठी प्राथमिक शाळा आहे की नाही, शिक्षकांची किती पदे रिकामी आहेत, आणि मुख्याध्यापक स्वतः त्या वीस मिनिटांत वर्गात येऊन बसणार आहेत की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

सर्वप्रथम ‘आवड’ हा शब्द थोडा बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी माझ्या मनातही हाच शब्द होता. मुले वाचत नाहीत म्हणजे त्यांना आवड नाही, आणि चांगली पुस्तके हाती दिली की आवड आपोआप लागेल, असे मी धरून चाललो होतो. त्या काळात नववीतील एक मुलगा माझ्या नजरेस आला. तो पुस्तक घेऊन अगदी शांत बसत असे आणि ठरावीक वेळाने पान उलटत असे. इतका शिस्तीचा वाचक दुसरा नाही असे मला वाटले, म्हणून एके दिवशी वर्ग सुटल्यावर मी त्याला जवळ बोलावून त्या पानावरचा एक परिच्छेद वाचायला सांगितला. त्याला तो वाचता आला नाही. साधे शब्द तो जुळवत होता, परंतु जोडाक्षर आले की थांबत होता, आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीची सुरुवात त्याच्या मनातून निघून गेलेली असे. पान किती वेळाने उलटायचे हे तो शेजाऱ्याकडे पाहून ठरवत होता. परीक्षेत तो पाठांतरावर आणि मित्रांच्या मदतीवर निभावून नेत आला होता, आणि आम्ही सर्व शिक्षक त्याला ‘अभ्यासात लक्ष नसलेला’ म्हणत होतो.

हा एकट्या त्या मुलाचा प्रश्न नव्हता. मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2023 सालच्या सर्वेक्षणात 14 ते 18 वयोगटाची पाहणी झाली होती. त्यात सुमारे 25 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत सराईतपणे वाचता आला नाही. ते आकडे देशाच्या निरनिराळ्या भागांतील निवडक जिल्ह्यांचे आहेत, आपल्या शाळेचे नाहीत. तरीही 140 मुलांच्या शाळेत अशी मुले नसतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘मला वाचायला कंटाळा येतो’ असे म्हणण्यात कमीपणा वाटत नाही, परंतु ‘मला वाचता येत नाही’ असे तो मेला तरी म्हणणार नाही. म्हणून या वयात न जमण्याची लाज नावडीचे रूप घेऊन समोर येते, आणि आपण नावडीवर औषध देत बसतो.

सीमाभागातील आपल्या मुलांवर तर आणखी एक ओझे आहे. ती मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या एकाच वेळी सांभाळतात. कन्नडमध्ये जोडाक्षरातील दुसरे व्यंजन बहुधा पहिल्याच्या खाली जाते, तर देवनागरीत पहिले व्यंजन अर्धे होऊन डावीकडे उभे राहते. रफार देवनागरीत पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये त्याचे चिन्ह अक्षरानंतर येते. ज्याचा पाया पक्का आहे त्याला यात अडचण येत नाही, उलट त्याची समज वाढते. पण ज्याचा पाया तिसरी-चौथीतच कच्चा राहिला त्याचा गोंधळ दरवर्षी वाढत जातो. शिवाय घरात बोलली जाणारी बेळगावी मराठी आणि पुस्तकातील मराठी यांत अंतर आहे. मुलाने घरी कधीही न ऐकलेली वाक्यरचना त्याला एकदम छापील रूपात भेटते. यात मुलाचा दोष नाही आणि त्याच्या बोलीचाही नाही.

त्यामुळे जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत वाचनतास सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे वाचन एकेकट्याने ऐकावे. चौथीच्या पाठ्यपुस्तकातील शंभरेक शब्दांचा एक उतारा निवडावा. मुलाने तो वाचावा आणि नंतर उताऱ्यातील आशयावर दोन साधे प्रश्न विचारावेत. एका मुलाला तीन मिनिटे पुरतात. चार शिक्षकांनी प्रत्येकी 35 मुले घेतली, तर प्रत्येकाचे पावणेदोन तासांचे काम होते, आणि ते प्रार्थनेनंतरच्या किंवा मधल्या सुट्टीच्या वेळात चार-पाच दिवसांत उरकते. मात्र हे ऐकणे वर्गासमोर होता कामा नये. व्हरांड्याचे टोक, ग्रंथालयाचा कोपरा, काहीही चालेल. दुसऱ्या मुलाच्या कानावर ते पडू नये एवढीच अट आहे. ओघात वाचणारे, अडखळत वाचणारे आणि शब्दापाशीच अडकणारे, असे तीन गट शिक्षकांनी आपल्या वहीत करावेत. त्या गटांना नावे देऊ नयेत आणि ती वही मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आता शेवटच्या गटाचे काय करायचे, हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्यावर मी थोडे अधिक लिहितो. नुसत्या मौन वाचनाने या मुलांचे काहीही भले होत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा कोणीतरी ऐकत आणि सुधारत असताना तोच मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचल्याने वाचनाचा ओघ सुधारतो असे आढळले. मात्र नुसते शांत बसून स्वतंत्र वाचायला लावल्याने ओघ सुधारतो, असे म्हणण्याइतका पुरावा समितीला मिळाला नाही. माझा अनुभवही तोच आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला तिसरीचे पुस्तक देऊन ‘हे चार वेळा मोठ्याने वाच’ असे सांगितले, तर तो दुसऱ्या दिवशी शाळेतच येणार नाही.

आम्हाला यातून मार्ग सापडला तो शेजारच्या प्राथमिक शाळेमुळे. दर शनिवारी सकाळच्या शाळेत आमच्या आठवी-नववीतील काही मुले तिसरीच्या वर्गात जाऊन लहानांना गोष्ट वाचून दाखवू लागली. ओघात वाचणारी आणि अडकणारी अशी दोन्ही प्रकारची मुले आम्ही मुद्दाम त्यात घेतली, म्हणजे कोणाला काही वेगळे वाटू नये. लहानांना वाचून दाखवायचे म्हणजे पुस्तक सोपेच असणार, आणि त्यांच्यासमोर अडखळू नये म्हणून आठवडाभर त्याच गोष्टीची तयारी करावी लागणार, हे कोणालाही पटण्यासारखे होते. ज्या नववीच्या मुलाविषयी मी वर लिहिले, त्याच्यासारखाच एक मुलगा दुसऱ्या वेळी आमच्याकडे होता. त्याचे वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत पाळीवर जात. हा मुलगा दोन पानांची गोष्ट सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज मधल्या सुट्टीत मला किंवा आमच्या शिपाईमामांना वाचून दाखवी. पहिल्या शनिवारी त्याचा आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचला नाही. दिवाळीनंतर तिसरीची मुले त्याला फाटकापाशीच गाठून आज कोणती गोष्ट आहे असे विचारू लागली होती. त्या वर्षअखेरीस तो काही वर्गात पहिला आला नाही, परंतु समाजविज्ञानाचा धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचून मला प्रश्न विचारायला आला, आणि माझ्या नोकरीतील फार थोड्या प्रसंगांचे मला इतके समाधान वाटले आहे. अशा वाचनासाठी छापील पुस्तके कमी पडली, तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत पातळीनुसार लावलेल्या गोष्टी विनामूल्य मिळतात. त्या छापून घेता येतात.

इथवरचे थोडक्यात सांगायचे, तर आधी एकेकट्याचे वाचन ऐकावे, अडकणाऱ्यांसाठी मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा वाचण्याचे सन्मानाचे कारण शोधावे, आणि मग वाचनतासाकडे वळावे.

साऱ्या शाळेने एकाच वेळी वाचायला बसण्याचा खरा उपयोगही मला या लाजेच्याच संदर्भात दिसतो. सगळेच वाचत असतात तेव्हा कोण काय वाचतो आहे याकडे कोणाचे लक्ष राहत नाही, आणि सोपे पुस्तक हाती असलेले मूल उघडे पडत नाही. म्हणून ‘सगळे’ या शब्दात मोठी माणसे आलीच पाहिजेत. पहिल्या वेळी आम्ही शिक्षक त्या वीस मिनिटांत वह्या तपासत होतो, माहितीचे तक्ते भरत होतो, आणि मुलांना मात्र वाचा म्हणत होतो. मुलांनी त्यातून जे समजायचे ते समजून घेतले. दुसऱ्या वेळी क्लार्क, शिपाई आणि स्वयंपाकाच्या ताई यांच्यासह सर्वांनी वाचायचे, असा नियम आम्ही केला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना एखादी मुलगी वर्तमानपत्र वाचून दाखवी. वाचलेल्यावर कोणतीही परीक्षा, गुण किंवा परीक्षण ठेवले नाही. आपल्याकडील मुलांनी परीक्षणे उतरवून काढली याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण जिथे तपासणी येते तिथे मूल सुटकेची वाट शोधते. ज्याला सांगावेसे वाटेल त्याने सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मिनिटे पुस्तकाविषयी बोलावे, एवढी मोकळीक पुरे आहे. स्पर्धेत दरवर्षी तीच चार मुले पुढे येतात, म्हणून स्पर्धा मी बंदच केल्या.

वेळ ठरवताना बसचा विचार करावा. कणकुंबी-जांबोटीकडून येणाऱ्या मुलांची सकाळची बस पावसाळ्यात वेळेवर येईलच असे नाही, त्यामुळे पहिला तास टाळावा. जेवणानंतर डोळे जड होतात, आणि शेवटच्या तासाला लक्ष परतीच्या बसकडे असते. दुसऱ्या तासानंतरची वेळ आम्हाला मानवली. जुलैत भाताच्या लावणीच्या दिवसांत हजेरी घटते, सुगीतही घटते; त्यावरून उपक्रमाचे मूल्यमापन करू नये. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत निकालाची अपेक्षा ठेवू नये. आठवड्यातून एक दिवस शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावे. ‘एवढी मोठी मुले ऐकतील का?’ अशी शंका येईल, परंतु आपल्या गावांत सप्ताहात ग्रंथाचे पारायण होते, तेव्हा एकजण वाचतो आणि सारा मंडप ऐकतो. ऐकत ऐकत ग्रंथाशी नाते जुळण्याची ही रीत मुलांनी लहानपणापासून पाहिलेली आहे. उत्कंठा वाढल्यावर थांबावे आणि पुस्तक टेबलावर ठेवून द्यावे. ते कोणीतरी घेऊन जातेच.

आता कपाटाविषयी. हरवलेल्या पुस्तकाचा जाब आपल्याला द्यावा लागेल या भीतीने पुस्तके कुलपात राहतात, आणि त्या भीतीला मी हसणार नाही, कारण ती मीही भोगली आहे. यावर आम्ही केलेला उपाय असा, की शाळेच्या दाखल नोंदवहीतील पुस्तकांना सुरुवातीला हातच लावला नाही. माजी विद्यार्थी, गावातील वाचक आणि शिक्षक यांच्याकडून देणगी म्हणून आलेली पुस्तके आणि जुने दिवाळी अंक एका साध्या वहीत नोंदवले आणि वर्गातील उघड्या फळीवर ठेवले. त्यातील काही हरवली, काही फाटली. कोणालाही दंड केला नाही. सहा महिन्यांनी कपाटातील निवडक पुस्तके बाहेर काढण्याइतका धीर मुख्याध्यापकांना आला, तोही फळीवरची बहुतेक पुस्तके जागेवर परत येतात हे त्यांनी पाहिल्यावर.

फळीवर काय असावे? आपल्याला जे मुलांनी वाचावेसे वाटते ते थोडे, आणि मुलांना जे वाचावेसे वाटते ते पुष्कळ. कबड्डी आणि क्रिकेट, किल्ल्यांची माहिती, भुताच्या आणि चोरी-तपासाच्या कथा, सैन्यातील माणसांचे अनुभव, शेतीची मासिके, मोटरसायकलच्या दुरुस्तीची पुस्तिका, बेळगावातूनच निघणारा आणि 1919 पासून चालत आलेला ‘तरुण भारत’, हे सारे असावे. मुलगे फिरकत नाहीत, या तक्रारीचे अर्धे उत्तर इथेच आहे, कारण शाळेच्या कपाटात त्यांच्यासाठी संस्कारकथांखेरीज बहुधा काही नसते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. साधना साप्ताहिकाचे बालकुमार दिवाळी अंकही या वयाला योग्य आहेत. मोबाईलविषयी मला एवढेच सांगायचे आहे, की तो काढून घेऊन कोणी वाचक होत नाही, आणि हे जुने अंक त्याच मोबाईलवर उघडतात हे मुलांना एकदा दाखवून द्यावे.

फळीवर कन्नड पुस्तके ठेवावीत की नाही, असा प्रश्न आमच्या शाळेत उठला होता आणि त्यावर बराच वाद झाला. माझे मत स्पष्ट आहे: ठेवावीत. कर्नाटकातील ग्रामपंचायत ग्रंथालयांत 2020 पासून ‘ओदुव बेळकु’ या उपक्रमाखाली 6 ते 18 वयाच्या मुलांना विनामूल्य सभासदत्व मिळते. तेथे कन्नड पुस्तके अधिक असणे स्वाभाविक आहे, आणि आपली मुले कन्नड शिकतच असतात. एका भाषेत लागलेली वाचनाची सवय दुसऱ्या भाषेत उतरते, हे मी अनेक मुलांत पाहिले आहे. मराठीविषयीची तळमळ माझ्या मनात कोणाहून कमी नाही. सीमाभागात मराठी शिकवत आयुष्य काढलेल्या माणसाला ती असणारच. परंतु ‘मराठी टिकवण्यासाठी वाचा’ असे आपण चौदा वर्षांच्या मुलाला रोज सांगू लागलो, की पुस्तक हे त्याच्यासाठी कर्तव्य बनते आणि आनंद त्यातून निघून जातो. भाषेची लढाई मोठ्यांनी लढावी. मुलाला आधी गोष्ट मिळू द्यावी.

आपल्या भागाला एक देणगी लाभली आहे, ती म्हणजे गावोगावची साहित्य संमेलने. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी अशा खेड्यांत गावकरी स्वतः संमेलने भरवतात. शाळकरी मुले तेथे ग्रंथदिंडीत लेझीम खेळतात आणि मग मंडपात बसून भाषणे ऐकतात. त्याऐवजी संमेलनापूर्वी महिनाभर पाहुण्या लेखकाची एखादी कथा सर्व वर्गांत वाचून दाखवावी आणि मुलांचे प्रश्न लिहून घ्यावेत. आयोजकांना विनंती केली तर दहा मिनिटे मिळतात. आणि पुस्तकांच्या विक्रीदालनात प्रत्येक वर्गाला ठरावीक रक्कम देऊन पुस्तके मुलांनाच निवडू द्यावीत. आमच्या मुलांनी निवडलेली काही पुस्तके मला अजिबात आवडली नव्हती, पण वर्षाअखेरीस सर्वांत अधिक झिजलेली तीच होती.

राहिला दहावीच्या पालकांचा प्रश्न. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेच्या, एकूण गुणांपैकी 125 गुण प्रथम भाषेचे, म्हणजे आपल्या मुलांच्या बाबतीत मराठीचे आहेत, हे त्यांना माहीत असते. त्यांच्या लक्षात आणून द्यायची गोष्ट अशी, की गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान यांच्या प्रश्नपत्रिकाही मूल मराठीतूनच वाचते. संथ वाचणाऱ्याचा बराच वेळ प्रश्न समजून घेण्यातच जातो आणि येत असलेली उत्तरेही लिहायची राहतात. हे मी पालकसभेत तोंडी सांगून पाहिले, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पुढच्या सभेत विज्ञानाच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतील एक दीर्घ प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि तो वाचून समजायला किती वेळ लागतो हे पालकांनाच पाहायला सांगितले. त्यानंतर विरोध मावळला. जानेवारीनंतर दहावीसाठी वाचनतास दहा मिनिटांचा केला तरी चालेल, पण तो बंद करू नये, आणि त्या दहा मिनिटांत पाठ्यपुस्तक उघडायला लावू नये.

तपासणीत कोणत्या गटात किती मुले आली आणि जवळ मराठी प्राथमिक शाळा आहे का, एवढे जूनमध्ये कळवावे. शेवटच्या गटात वीसहून अधिक मुले असतील, तर शनिवारची आखणी वेगळ्या रीतीने करावी लागेल आणि तिच्याविषयी मी स्वतंत्रपणे लिहीन.